परवाना तुमचा की यंत्राचा? वाचकांच्या संगणक-प्रश्नांना उत्तरं

या महिन्याच्या टपालात सहा पत्रं अशी निघाली की सगळ्यांचं दुखणं एकच, विंडोजचा परवाना. कुणाचा जुना संगणक जातोय, नवा येतोय, मग जुन्यातलं विंडोज नव्यात नेता येईल का? कारण उघड आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची देखभाल थांबवली, आणि तेव्हापासून आमच्या बेळगावच्या शहापुरात रोज कुणी ना कुणी काखेत सीपीयू मारून माझ्या संगणकाच्या दुकानाची पायरी चढतं.

उत्तरांआधी घरची एक गोष्ट सांगते. माझे वडील विणकर. आमच्याकडं खड्डा माग होता. जमिनीत खड्डा खणलेला, त्यात पाय सोडून बाबा दिवसभर बसायचे. ते भाड्याचं घर सोडलं तेव्हा खड्डा तिथंच राहिला, तो काय उचलून आणणार? आडवा धागा नेणारा धोटा मात्र बाबांनी धोतरात गुंडाळून नव्या घरी आणला. विंडोजचे परवाने मला कायम या दोन वस्तूंसारखे वाटत आलेत. काही परवाने खड्ड्यासारखे, त्या यंत्रातच रुतलेले. काही धोट्यासारखे, मालक जाईल तिथं जाणारे. आपल्या हातात यातलं काय आहे ते आधी ओळखायचं. नवं मशीन घ्यायचं ते त्यानंतर.

खानापूरहून, पत्रिका-बॅनरचं दुकान चालवणारे एक वाचक

*ताई, माझं पत्रिका, बॅनर आणि बाँड टायपिंगचं लहान दुकान आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही कामं करतो. २०१२ ला बेळगावातनं असेंबल्ड मशीन घेतलं, त्याबरोबर विंडोज ७ प्रोफेशनलची ओरिजनल सीडी बिलासकट घेतली. २०१६ ला ते फुकटात विंडोज १० झालं. आता विंडोज ११ चढत नाही म्हणतंय, म्हणून नवीन मशीन सांगितलंय. भाच्यानं एक कमांड मारून बघितली, त्यात 'रिटेल' असं आलं, आणि कीची शेवटची पाच अक्षरं ३व्ही६६टी. रिटेल म्हणजे दुसऱ्या मशीनवर नेता येतंय, असं तो म्हणतोय. सीडीच्या पाकिटाचा फोटो जोडलाय. नवीन मशीनवाला म्हणतो, विंडोजचं टेन्शन घेऊ नका, आम्ही फुकट टाकून देतो. काय करू सांगा की.*

दादा, तुमचं विंडोज नव्या मशीनवर जाणार नाही. तुम्ही पैसे मोजून, बिल घेऊन, ते बिल चौदा वर्षं जपून ठेवलंत, म्हणून हे लिहिताना मला वाईट वाटतंय. पण नव्या मशीनचा ॲडव्हान्स देण्याआधी तुम्हाला हे कळायला हवं.

भाच्यानं केलं ते बरोबरच केलं. इतर वाचकांसाठी ती कमांड सांगते. स्टार्टवर जाऊन सीएमडी शोधायचं, त्यावर उजवं बटण दाबून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं. मग एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरं, एक जागा मोकळी, उजवीकडं झुकलेली तिरकी रेघ आणि तिला चिकटून डी-एल-आय. सगळं इंग्रजी अक्षरांत टाइप करायचं, मी फक्त उच्चार लिहिलाय. एंटर मारल्यावर दोन-चार सेकंदांनी एक छोटी चौकट येते. तिच्यात रिटेल, ओईएम किंवा व्हॉल्यूम यांतला एक शब्द असतो. ओईएम म्हणजे यंत्राबरोबर आलेला परवाना, तो त्या यंत्राच्या मदरबोर्डाशी, म्हणजे आतल्या मुख्य पाटीशी बांधलेला. व्हॉल्यूम म्हणजे कंपनीनं किंवा संस्थेनं ठोकात घेतलेला. रिटेल म्हणजे माणसानं वेगळा विकत घेतलेला, तो हलवता येतो.

भाचा फसला तो कीच्या, म्हणजे परवान्याच्या पंचवीस अक्षरी क्रमांकाच्या, त्या शेवटच्या पाच अक्षरांपाशी. २०१५-१६ मध्ये विंडोज ७ आणि ८.१ वरून १० फुकट मिळालं, तेव्हा मायक्रोसॉफ्टनं कुणालाही स्वतंत्र की दिली नाही. तुमच्या मदरबोर्डाची ओळख त्यांच्या सर्व्हरवर नोंदवली आणि 'या यंत्राला परवाना आहे' अशी खूण केली. त्यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. की म्हणून जी दिसते ती नुसती जागा भरायला ठेवलेली असते, आणि ती सगळ्यांना सारखीच. प्रो आवृत्तीत ती ३व्ही६६टी ने संपते, होममध्ये ८एचव्हीएक्स७ ने. तुम्हाला दिसलेला 'रिटेल' हा शब्द या सामाईक कीचा आहे, तुमच्या खरेदीचा नव्हे. माझ्याकडं हा शब्द बघून आनंदानं आलेली आणि अशीच गोंधळलेली माणसं पुष्कळ आहेत, तेव्हा भाच्याला बोलू नका.

मग तुमचा मूळ हक्क कोणता, हे सांगतं सीडीचं पाकीट. फोटो मी मोठा करून बघितला. उजव्या कोपऱ्यात ओईएम लिहिलंय, आणि खाली बारीक इंग्रजीत एक ओळ आहे, जिचा अर्थ 'फक्त नव्या पीसीबरोबर देण्यासाठी'. त्या काळात बेळगावातले असेंबलर हीच सीडी विकत, कारण ती रिटेलच्या डब्याहून स्वस्त पडायची. खोटी नव्हती, सोळा आणे खरी होती. पण सीडी हातात आली की परवाना आपला झाला असं गिऱ्हाइकाला वाटायचं, आणि विकणारा तेवढं समजावून सांगायचा नाही. त्या सीडीचा हक्क ज्या बोर्डावर ती पहिल्यांदा चढली त्या बोर्डाबरोबर संपतो. म्हणजे तुमच्याकडं आहे तो खड्डा, दादा, धोटा नव्हे.

आता 'फुकट टाकून देतो' याबद्दल. नवं विंडोज कुणी फुकट देत नसतं. त्याचा अर्थ ॲक्टिव्हेटर नावाचा प्रोग्राम चालवून विंडोजला परवाना असल्याचं भासवायचं. तो चालवताना आधी अँटीव्हायरस बंद करायला लावतात. बंद का करायला लावतात, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा. तुमच्या मशीनवर नुसत्या लग्नपत्रिका नाहीत. बाँड टायपिंगसाठी लोक आधार कार्ड, जमिनीचे उतारे, वाटणीपत्रं तुमच्या हातात ठेवतात. खानापूर तालुक्यातला कुठल्या तरी खेड्यातला म्हातारा माणूस एसटीनं येऊन तुमच्यावर विश्वास टाकून जातो. त्याचे कागद असल्या मशीनवर ठेवू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

नवीन घेताना दोन वाटा आहेत. विंडोज घातलेलं कंपनीचं मशीन घेतलंत तर परवान्याचे पैसे किमतीतच येतात, पण तो पुन्हा त्या यंत्राचाच. किंवा असेंबल्ड घ्या आणि विंडोज ११ रिटेलमध्ये वेगळं घ्या. महाग पडेल. पण तुमच्या भागात वळवाच्या विजेनं बोर्ड जाणं नवीन नाही, आणि बोर्ड गेला तर रिटेल परवाना पुढच्या बोर्डावर नेता येतो. तुमच्या जागी मी असते तर दुसरी वाट धरली असती. बिलावर 'विंडोज ११ प्रो, रिटेल' असं स्पष्ट लिहून घ्या. नुसतं 'विंडोजसह' लिहिलेलं बिल घेऊ नका.

आणि जुनं मशीन विकू नका. त्याचा परवाना त्याच्यापुरता पक्का आहे, तो कुणी काढून घेत नाही. तुमची जुनी कामं श्रीलिपीच्या अक्षरांत आहेत, त्या सॉफ्टवेअरचं लॉक त्या मशीनला लागलेलं आहे. असल्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारखा दिसणारा, नसतो, नव्या मशीनवर तो फाँट नसेल तर 'शुभविवाह' च्या जागी चित्रविचित्र इंग्रजी खुणा दिसतात. म्हणून जुन्या मशीनची इंटरनेटची वायर काढून टाका, त्याला फक्त जुन्या फाइलींच्या कामाला ठेवा, आणि सवड मिळेल तशी एकेक फाइल पीडीएफ करून पेनड्राइव्हनं नव्यावर आणा. कन्नड टायपिंगचं नुडी हे सॉफ्टवेअर मोफतच आहे, ते नव्यावर थेट घाला. वायर काढणं जमणार नसेल, तर विंडोज १० साठी सुरक्षा दुरुस्त्यांची एक वर्षाची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर तिची नोंदणी करता येते.

निपाणीहून, तंबाखूच्या एका पेढीचे दिवाणजी

*मॅडम, पेढीसाठी २०१७ साली विंडोज १० प्रोचा सीलबंद डबा घेतला होता. पेनड्राइव्ह, कीचं कार्ड आणि बिल, तिन्ही तिजोरीत आहेत. आता नवीन कंपनी मशीन आलं, त्यात विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज आहे. मालकांना घरनं रिमोटनं हिशेब बघायचा असतो, त्याला प्रो लागतंय म्हणे. जुनी की नवीनवर चालेल का? जुनं मशीन मालकांच्या पुतण्याला संकेश्वरला द्यायचं चाललंय.*

चालेल. तुमच्याकडं धोटा आहे. विंडोज १० प्रोची रिटेल की विंडोज ११ प्रोलाही चालते, आणि ती घातली की होमचं प्रो होतं, पुन्हा पहिल्यापासून काही चढवावं लागत नाही. विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपनं दुसऱ्या संगणकावरून हे मशीन उघडून बघायचं तर प्रोच लागतं, हेही खरं. नुसतं हिशेब लिहिणं असतं तर मी म्हटलं असतं, होम राहू दे आणि कार्ड पुढच्या गरजेसाठी तिजोरीतच असू दे.

नियम एवढाच की ही की एका वेळी एकाच यंत्रावर. म्हणून आधी जुन्यावरनं काढा. वर खानापूरच्या दादांना सांगितलेली तीच काळी चौकट उघडायची, एस-एल-एम-जी-आर, मोकळी जागा, तिरकी रेघ, पण या वेळी यू-पी-के. 'की काढली' असा निरोप येतो. मग तसंच पुन्हा, शेवटी सी-पी-के-वाय, म्हणजे कीची उरलेली खूणही पुसली जाते. मग नव्या मशीनवर सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन, आणि तिथं 'चेंज प्रॉडक्ट की'. पंचवीस अक्षरं घातली की मशीन एकदा बंद-चालू होतं आणि प्रो होऊन येतं. हे करताना इंटरनेट असू दे. एक लक्षात घ्या, यू-पी-के मारल्याचं मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला आपोआप कळत नाही. त्यामुळं नव्यावर 'ही की आधीच वापरात आहे' असं आलं तर घाबरू नका. त्याच पानावरचा ट्रबलशूट करून बघा, नाहीच झालं तर मायक्रोसॉफ्टच्या मदतकेंद्राला बिल दाखवा. तुमच्याकडं बिल आहे म्हणून मी निर्धास्तपणे सांगते.

पुतण्याला मात्र मशीन देताना खरं सांगा की त्यात आता विंडोजचा परवाना नाही. त्यानं काय घालायचं ते या सदरातल्या शेवटच्या उत्तरात बघावं.

की टाइप करण्यावरनं एक आठवलं, सांगितल्याशिवाय राहवत नाही. २०१९ च्या ऑगस्टात वेदगंगेला पूर आला, यमगर्णीपाशी पाणी महामार्गावर चढलं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं असेल. त्यानंतर आठवड्याभरानं नदीकाठच्या एका गावातली बाई माझ्याकडं आली. घरात अर्ज भरून द्यायचं काम करायची, त्यावर घर चालायचं. सीपीयूचा पत्रा उघडला तर आत पंख्याच्या पात्यांपर्यंत तांबडा गाळ. बोर्ड गेलेला. डिस्क वाचली, कारण ती कॅबिनेटात सगळ्यात वर बसवलेली होती. तिच्याकडं तुमच्यासारखाच रिटेलचा डबा होता, पण कार्ड ट्रंकेत भिजून फुगलं होतं आणि की तीन ठिकाणी पुसट झाली होती.

आम्ही दोघी ते कार्ड खिडकीत धरून बसलो. इथं एक गोष्ट कामाला आली, जी फार थोड्यांना माहीत असते. विंडोजच्या कीमध्ये सगळी अक्षरं येत नाहीत. ए, ई, आय, ओ, यू हे इंग्रजी स्वर नसतात. एल, एस, झेड नसतात. आकड्यांत शून्य, एक आणि पाच नसतात. म्हणजे पुसट जागी गोल दिसलं तर ते ओ नाही आणि शून्यही नाही, ते क्यू किंवा डी असणार. पाचासारखं दिसलं तर तो सहा असण्याची शक्यता जास्त. पहिल्या दोन जागा अशा सुटल्या. तिसरीला आठ की बी हे मात्र उघड्या डोळ्यांनी कळेना, आणि ही दोन्ही कीमध्ये येतात. आठ घालून बघितला, नाही घेतला. बी घातला, आणि 'विंडोज ॲक्टिव्हेट झालं' अशी ओळ आली. त्या बाईनं पदर तोंडाला लावला. घरातलं सगळं धान्य गेलं होतं तिचं, आणि त्या दिवशी परत मिळालेली ती पहिली वस्तू होती.

तुमचं कार्ड तिजोरीत आहे ते छान. आजच त्याचा फोटो काढा, आणि की एका वहीत मोठ्या अक्षरांत लिहूनही ठेवा. पेढीच्या नावानं मायक्रोसॉफ्टचं खातं काढून नव्या मशीनवर त्या खात्यानं लॉगिन करा. परवाना खात्याशी जोडला जातो आणि ॲक्टिव्हेशनच्या पानावर तशी ओळ दिसते. ही सोय विंडोज १० मध्ये २०१६ पासून आहे. पुढं बोर्ड बदलला तर कार्ड शोधत बसावं लागत नाही. खातं पेढीच्या ईमेलवर काढा, एखाद्या नोकराच्या नको. नोकर सोडून जातो आणि परवाना त्याच्या खात्यात अडकतो, अशी प्रकरणं माझ्याकडं येत असतात.

चिकोडीहून एक वाचक

*हार्ड डिस्क काढून एसएसडी घालतोय. विंडोज जाईल का?*

नाही. परवान्याची गाठ डिस्कशी नसून मदरबोर्डाशी असते. रॅम, डिस्क, पंखा, पॉवर सप्लाय खुशाल बदला. कोरं विंडोज चढवलंत तर 'माझ्याकडं की नाही' असं निवडा, आणि आवृत्ती पहिली होती तीच घ्या. इंटरनेट लागलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

हिंडलग्याहून, एक निवृत्त शिक्षिका

*लॅपटॉप चार्जिंगला लावला होता, वळवात वीज कडाडली आणि बंदच पडला. दुरुस्ती केंद्रात मदरबोर्ड बदलून दिला, पैसेही भरपूर घेतले. आता पडद्याच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं सारखं दिसतं. ते म्हणतात नवीन विंडोज विकत घ्या. लॅपटॉपखाली चिकटवलेल्या कागदावर कीसुद्धा नाही. मी नातवाला त्यावर मराठी शुद्धलेखन शिकवते.*

बाई, विकत घेऊ नका. आधी माझं ऐका.

विंडोज ८ पासून कंपन्यांनी कागदावर की छापणं सोडलं. लॅपटॉप तयार होतानाच की मदरबोर्डातल्या एका चिपमध्ये लिहिली जाते, आणि विंडोज ती तिथनं स्वतः वाचून घेतं. तुमचा जुना बोर्ड गेला तशी त्यातली कीही गेली. नव्या बोर्डाच्या चिपमध्ये ती जागा कोरी असेल, म्हणून ही ओळ येते.

पण तुमचा हक्क गेलेला नाही. बोर्ड बिघडला म्हणून त्याच लॅपटॉपसाठी कंपनीचाच तसा दुसरा बोर्ड बसवला, तर मूळ परवाना चालू राहतो. कुणी हौसेनं जास्त ताकदीचा बोर्ड घातला तर गोष्ट वेगळी, मग ते नवं यंत्र धरलं जातं. तेव्हा दुरुस्तीचा कागद घेऊन परत जा. त्यावर 'बोर्ड बिघडल्यामुळे बदलला' असं लिहिलेलं असायला हवं, नसेल तर लिहून मागा. बोर्डात विंडोजची की भरून द्या असं स्पष्ट सांगा. कंपनीच्या अधिकृत केंद्राला हे करता येतं. पैसे भरपूर घेतले म्हणता, तर हे काम त्या पैशातच बसायला हवं.

जाण्याआधी घरी एक करून बघा. लॅपटॉप पूर्वी मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं उघडत असाल तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर ट्रबलशूट दाबा आणि 'या यंत्राचं हार्डवेअर नुकतंच बदललं' हे निवडा. खात्यातल्या यंत्रांची यादी येईल, त्यातलं तुमचं जुनं नाव निवडून ॲक्टिव्हेट करा. कधी कधी एवढ्यावर काम होतं. झालं नाही तरी नातवाचा अभ्यास थांबवू नका. ती ओळ दिसत असली तरी लिहिणं-वाचणं सगळं चालतं, फक्त पडद्यामागचं चित्र बदलण्यासारख्या गोष्टी अडतात.

उचगावहून, बी.कॉम.ला असलेली एक वाचक

*ताई, ऑनलाइन चारशे रुपयांना विंडोज ११ प्रोची की घेतली, 'लाइफटाइम' लिहिलं होतं. सहा महिन्यांनी बंद पडली. विकणारा आता उत्तर देत नाही. चारशे रुपये माझ्या शिकवणीतले होते.*

पोरी, तुझे चारशे रुपये मला तुझ्याइतकेच लागले. डी-एल-आयच्या चौकटीचा जो फोटो तू पाठवलास त्यात 'व्हॉल्यूम केएमएस' लिहिलंय. हा संस्थांचा परवाना. संस्थेतली यंत्रं संस्थेच्या सर्व्हरला ठरावीक काळानं हजेरी देतात, आणि एकदा हजेरी लागली की ती १८० दिवस चालते. विकणाऱ्यानं तुझं यंत्र कुठल्या तरी सर्व्हरला जोडून दिलं, तो सर्व्हर बंद झाला, १८० दिवस भरले. तुझा सहा महिन्यांचा हिशेब तंतोतंत जुळतो. 'लाइफटाइम' हा शब्द पहिल्या दिवसापासून खोटा होता, तुझी त्यात काही चूक नाही.

पैसे दिल्याची नोंद असेल तर ज्या विक्रीच्या साइटवरनं घेतलंस तिथं तक्रार कर, आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन कर. दुसरी की घेऊ नकोस. आधी बघ, तुझा लॅपटॉप मूळचा होमचा आहे का. बोर्डात होमची की असेल तर नुसतं विंडोज ११ होम कोरं चढव, ते फुकट आणि कायमचं ॲक्टिव्हेट होईल. प्रोच्या नादात पुष्कळ जण हातातला खरा परवाना झाकून वर खोटा घालतात.

बेळगाव तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयाचे कार्यवाह

*पुण्याच्या एका कंपनीनं वाचनालयाला तीन जुने संगणक दिलेत. त्यांत विंडोज १० एंटरप्राइझ आहे आणि लवकरच मुदत संपेल असं दाखवतंय. आमच्याकडं परवान्याला पैसे नाहीत. मुलांना मराठी टायपिंग शिकवायचं आहे.*

कार्यवाहसाहेब, कंपनीनं यंत्रं दिली, पण एंटरप्राइझ हा कंपनीचा ठोक परवाना, तो देणगीत येत नाही. ते विंडोज काढून टाकणंच योग्य. यंत्रांच्या पाठीवर जे स्टिकर आहे ते मात्र यंत्राचं आहे, म्हणजे आता तुमचं. तुम्ही लिहिलंय की त्यावर विंडोज ७ प्रो आहे. पण विंडोज ७ ची देखभाल जानेवारी २०२० मध्येच संपली, आणि त्या कीनं नवं विंडोज उघडायची वाट २०२३ मध्ये बंद झाली. तेव्हा हक्क असूनही त्याचा तुम्हाला उपयोग नाही.

तुम्ही लिनक्स मिंट घाला, ती विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली आहे. परवान्याचा प्रश्नच नाही, कितीही यंत्रांवर घाला, एकावरनं दुसऱ्यावर न्या, कुणाची परवानगी लागत नाही. त्याची २२ वी आवृत्ती २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे. तुमच्या यंत्रांत चार जीबी रॅम आहे, तेवढी पुरते. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात मिळतो, आणि शिकवायला मी तोच सुचवीन. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, मुलांच्या बोटांना पंधरा दिवसांत वळण लागतं. शिवाय कन्नडचं इनस्क्रिप्टही त्याच मांडणीचं आहे. मराठीचा 'क' जिथं, तिथंच कन्नडचा 'क'. आपल्या पोरांना दोन्ही लिपी लागतात, पुढं नोकरीला गेल्यावर तर नक्कीच, आणि एकदा बसलेलं वळण दोन्हीकडं चालतं. याच कारणानं मी माझ्या दुकानात शिकायला येणाऱ्या मुलांना दुसरा कीबोर्ड दाखवतच नाही.

तिन्ही यंत्रं एकदम करू नका. एक करा, मुलांना बसवा, आठवडाभर बघा. घालायचं कसं ते कागदावर समजणार नाही, तेव्हा तुमच्यातल्या दोन मुलांना एका रविवारी माझ्याकडं शहापूरला पाठवून द्या, पहिलं यंत्रही बरोबर द्या. मी समोर बसवून त्यांच्याच हातानं करून घेते, उरलेली दोन ती गावात करतील. येताना आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह आणायला सांगा.